पोलीस चौकी, मोहल्ला आणि विश्वास

(डोंबिवली येथील एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



'पोलीस आणि मुस्लिम समाजाचे नेतृत्व यांच्यातील विश्वास' या विषयावर बोलायचे मी ठरवले, तेव्हा एका स्नेह्यांनी विचारले, "हा विषय आपल्या मंडळींचा आहे का? पोलिसांनी आणि त्यांनी आपापसांत काय ते पाहून घ्यावे." प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून त्याचे उत्तर आरंभीच देतो. आपण डोंबिवलीत बसलो आहोत. खाडीच्या पलीकडे भिवंडी आहे. एका बाजूला दोन स्थानके गेले की कल्याण, दुसऱ्या बाजूला थोड्याच अंतरावर मुंब्रा. यांपैकी एका गावातही दगड उडाला, तर आपली लोकल थांबते, नोकरीवर गेलेली मुलगी रात्री घरी येईपर्यंत आईचा जीव टांगणीला लागतो, आणि बंदोबस्ताला उभा असतो तो आपल्याच इमारतीत राहणारा एखादा शिपाई. विषय आपला आहे तो एवढ्यासाठी.

भिवंडीचे नाव घेतले आहे, तर तिथूनच सुरुवात करू. यंत्रमागाचे हे गाव. उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर, कोकणी मुसलमान, आगरी-कुणबी भूमिपुत्र, तेलुगू भाषक पद्मशाली आणि माग चालवायला परप्रांतांतून आलेले मजूर अशी इथली सरमिसळ वस्ती. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी येथे दंगल उसळली आणि ती जळगाव व महाडपर्यंत पोहोचली. तिच्या चौकशीसाठी न्या. मादन यांचा आयोग नेमला गेला. आयोगाने मजलिस तामीर-ए-मिल्लत या संघटनेवर ताशेरे ओढले, तसा भिवंडीतील राष्ट्रीय उत्सव मंडळावरही ठपका ठेवला. ही दुसरी गोष्ट आपल्या कानांना गोड लागत नाही, आणि त्या निष्कर्षांवर आपल्या विचाराच्या लोकांचे आक्षेपही आहेत. परंतु आजच्या विषयाच्या दृष्टीने आयोगाने पोलिसांबद्दल जे लिहिले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. दंगलीच्या तपासासाठी नेमलेल्या विशेष पथकाने एकतर्फी तपास केला, असे आयोगाचे म्हणणे होते. दंगल दोन-तीन दिवसांत विझते. एकतर्फी तपासाची आठवण मात्र दोन पिढ्या पुरते.

चौदा वर्षांनी, १९८४ च्या मे महिन्यात, तीच भिवंडी पुन्हा पेटली. भिवंडी, ठाणे आणि मुंबई मिळून अडीचशेहून अधिक माणसे मेली. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकड्या हा गावाच्या दृश्याचाच भाग होऊन बसला. भिवंडीला बदली म्हणजे शिक्षा, अशी भावना पोलीस खात्यात होती.

१९८८ मध्ये श्री. सुरेश खोपडे तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी पहिले काम केले ते अभ्यासाचे. आधीची दंगल कुठे सुरू झाली, कशी पसरली, आदल्या महिन्यात त्या गल्लीत काय घडत होते, हे कागदपत्रांतून आणि माणसांकडून गोळा केले. दुसरे काम जुन्या शांतता समितीला हात घालण्याचे.

शांतता समिती म्हणजे काय, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. वार्ताहर म्हणून मी अशा कितीतरी बैठकांना बसलो आहे. सण चार दिवसांवर आला की पोलीस ठाण्याच्या आवारात मंडप पडतो. पहिल्या रांगेत नगरसेवक, माजी नगरसेवक, होऊ घातलेले नगरसेवक. मशिदीचे दोन विश्वस्त, उत्सव मंडळाचे चार अध्यक्ष. प्रत्येकजण 'आमच्या गावाची एकतेची परंपरा' या विषयावर पाच मिनिटे बोलतो. चहा, बिस्किटे, छायाचित्र. दुसऱ्या दिवशी बातमी. आणि त्या पहिल्या रांगेतील एक-दोन महाशय असे, की ज्यांच्यावर खरे तर त्याच ठाण्यात लक्ष ठेवायला हवे! सामान्य मुसलमान मागवाला आणि सामान्य हिंदू दुकानदार हे दृश्य पाहतो आणि मनात एक खूणगाठ बांधतो : साहेबांना भेटायचे तर या मंडळींमार्फत. पोलिसांनी समाजाशी बोलण्याऐवजी समाजाच्या दलालांशी बोलणे पत्करले, की त्या दलालांचे दुकान चालू राहावे म्हणून थोडी अशांतताही लागते. हे कठोर वाटेल, पण तीस वर्षांच्या बातमीदारीनंतर माझे हे मत झाले आहे.

खोपडे यांनी ही उतरंड उलटी केली. गल्ली-वस्तीनिहाय सुमारे सत्तर मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. त्यांत त्याच वस्तीतील हिंदू आणि मुसलमान निम्मे-निम्मे. शिक्षक, मागवाले, कामगार, किराणा दुकानदार, गृहिणी. पुढाऱ्याला मुद्दाम बोलावणे नाही. आणि समितीची जबाबदारी कुणावर? त्या भागाचा बीट सांभाळणाऱ्या पोलीस कर्मचाऱ्यावर. मला या सगळ्या रचनेत हीच गोष्ट असामान्य वाटते. आपल्याकडे शिपायाचे काम म्हणजे काठी घेऊन उभे राहणे आणि साहेबांची गाडी आली की सलाम ठोकणे. इथे त्याच शिपायाला सांगितले गेले, की ही गल्ली तुझी, इथली माणसे तू ओळखायचीस, आणि इथे काही बिघडले तर पहिला प्रश्न तुला विचारला जाईल.

बैठका सणापुरत्या नव्हत्या, नियमित होत्या. विषय तरी काय? नळावरचे भांडण. तुंबलेले गटार. मुलांच्या क्रिकेटच्या चेंडूने फुटलेली काच. भाडेकरू आणि मालक यांचा वाद. यात 'जातीय' असे काहीच नाही, असे वाटते. पण मिश्र वस्तीत नळावरच्या दोन बायकांपैकी एक हिंदू आणि एक मुसलमान असते, आणि भांडण संध्याकाळपर्यंत मिटले नाही तर रात्री त्याला धर्म चिकटतो. ते संध्याकाळपर्यंत मिटवणे, हेच समितीचे काम.

या प्रयोगाची कसोटी लागली ती ६ डिसेंबर १९९२ नंतर. खोपडे यांची तोवर बदली झाली होती. गुलाबराव पोळ हे उपायुक्त होते आणि त्यांनी समित्या चालू ठेवल्या होत्या. डिसेंबर आणि जानेवारीत मुंबई जळत होती. न्या. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीनुसार त्या दोन महिन्यांत मुंबईत नऊशे माणसे मृत्युमुखी पडली. आणि जिच्याबद्दल सर्वांना धास्ती होती ती भिवंडी शांत राहिली. समितीचे लोक रात्रभर गल्लीच्या तोंडाशी बसून होते, अफवा आली की बीटच्या पोलिसाला विचारत होते. पोलिसाने 'खोटे आहे' म्हटले, की ते खोटे मानले जात होते. एवढेच घडले. परंतु 'पोलिसाने खोटे म्हटले की ते खोटे मानले जाणे' यासाठी आधी चार वर्षे नळावरची भांडणे मिटवावी लागली होती.

मुंबईत नेमके हेच नव्हते. त्या दंगलींनी मागे ठेवलेल्या आठवणी पाहा. आपल्या घराघरांत जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीचे नाव आजही निघते. ८ जानेवारी १९९३ च्या पहाटेआधी बाहेरून कडी घालून पेटवून दिलेले ते घर. तेथील खटल्यात खालच्या न्यायालयाने दोषी ठरवलेले आरोपी १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुटले. मुस्लिम मोहल्ल्यात नाव निघते ते दुसऱ्याच दिवशी पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली त्या सुलेमान बेकरीचे. त्या प्रकरणी ज्यांच्यावर आरोप होते त्यांपैकी काही पोलीस अधिकारीही आरोपमुक्त झाले. एका समाजाला वाटते, आमच्या माणसांना जाळणारे मोकळे राहिले. दुसऱ्याला वाटते, आमच्यावर गोळ्या झाडणारे मोकळे राहिले. दोघांचाही राग शेवटी येऊन थांबतो तो तपासावर, म्हणजे पोलिसांवर.

त्यानंतर सतीश साहनी मुंबईचे पोलीस आयुक्त असताना, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मुंबईत मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. तिने धारावी-डोंगरीसारख्या भागांत चांगले काम केले. ही मंडळी आपल्या विचारांची नव्हेत. आपल्यावर त्यांनी टीकाही पुष्कळ केली आहे. पण चांगल्या कामाला चांगले म्हणायला विचारांचे शिक्के तपासावे लागत नाहीत.

आता श्रोत्यांच्या मनातील शंकेकडे येतो. हा सगळा पुन्हा अनुनयाचाच प्रकार नाही का? याचे उत्तर देण्यासाठी मी दोन प्रसंग सांगतो, दोन्ही आपल्याला परिचित.

पहिला भिवंडीचाच. ५ जुलै २००६. कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाण्याचे बांधकाम होणार होते, त्या जागेवरून वाद होता. जमाव जमला, पोलिसांनी गोळीबार केला, दोघे मेले. आणि त्या रात्री जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार करून जाळले. तीच भिवंडी, जी १९९२ मध्ये शांत राहिली होती! मधल्या काळात अधिकारी बदलले होते, समित्या नावापुरत्या उरल्या होत्या, बैठकांत पुन्हा पहिल्या रांगेची मंडळी दिसू लागली होती. पण एवढे म्हणून थांबता येणार नाही. पोलिसाला जिवंत पकडून मारणाऱ्यांची बाजू कोणत्याही अविश्वासाच्या नावाखाली घेता येत नाही. ज्या नेतृत्वाने त्या वेळी जागेच्या वादावर चार वाक्ये आणि दोन शिपायांच्या हत्येवर अर्धे वाक्य खर्च केले, त्याने आपल्याच समाजाचे नुकसान केले.

दुसरा प्रसंग ११ ऑगस्ट २०१२ चा, मुंबईच्या आझाद मैदानाचा. आसाम आणि म्यानमारमधील घटनांच्या निषेधासाठी रझा अकादमी आणि इतर संघटनांनी सभा बोलावली. आयोजकांच्या अंदाजापेक्षा गर्दी कितीतरी पटींनी मोठी. व्यासपीठावरून भडक भाषणे झाली आणि बाहेर गाड्या पेटल्या. महिला पोलिसांचा विनयभंग झाला, अमर जवान स्मारकाची विटंबना झाली. त्या विटंबनेचे छायाचित्र पाहून ज्याचे रक्त तापले नाही असा मराठी माणूस विरळा. तत्कालीन आयुक्त अरूप पटनायक यांनी बळाचा वापर मर्यादित ठेवला, आणि थोड्याच दिवसांत त्यांना ते पद सोडावे लागले. त्यांचा निर्णय बरोबर की चूक, यावर आजही दोन मते आहेत. मला त्यात वेगळी गोष्ट दिसते. आयोजकांनी पोलिसांना शब्द दिला होता, आणि त्यांच्या शब्दाला त्यांच्याच जमावात किंमत नव्हती. ज्याचा शब्द स्वतःच्या मैदानात चालत नाही, त्याला पोलिसांनी 'समाजाचा नेता' म्हणून खुर्ची का द्यावी?

म्हणून 'अनुनय' आणि 'विश्वास' हे दोन शब्द वेगळे ठेवले पाहिजेत. गल्लीच्या तोंडाशी कायदा थबकतो आणि आत जाण्यासाठी कुणा भाईची परवानगी घेतो, तो अनुनय. कायदा आत जातो, दोषी असेल त्याला उचलतो, निर्दोष असेल त्याला हात लावत नाही, आणि गल्लीला हे आधीपासून ठाऊक असते, तिथे विश्वास असतो.

निर्दोषांचा मुद्दा निघाला म्हणून मालेगावबद्दल बोलतो. हा भाग आपल्यालाही अस्वस्थ करणारा आहे. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातच्या दिवशी, मालेगावात मशीद आणि कब्रस्तानाच्या परिसरात स्फोट झाले. तीसहून अधिक माणसे मेली, बहुतेक मुसलमान. अटक झाली ती नऊ मुसलमानांना. त्यांना २०११ मध्ये जामीन मिळाला आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. २९ सप्टेंबर २००८ रोजी त्याच गावात भिक्कू चौकात स्फोट झाला, सहा जण मेले. त्या वेळी साध्वी प्रज्ञासिंह आणि लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित यांना अटक झाली, 'भगवा दहशतवाद' हा शब्द जन्माला घातला गेला. पुरोहित जवळजवळ नऊ वर्षे कोठडीत होते. ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने सातही आरोपींची निर्दोष मुक्तता केली. आपल्याला न्याय मिळाल्याचे समाधान झाले, ते योग्यच होते.

पण त्याच्या दहाच दिवस आधी, २१ जुलैला, ११ जुलै २००६ च्या उपनगरी गाड्यांतील स्फोटांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षा झालेल्या सर्वांची मुक्तता केली होती. राज्य सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असे त्या न्यायालयाने सांगितले. तो वाद न्यायालयाचा. माझा प्रश्न निराळा आहे. लोकलमध्ये गेलेले ते पावणेदोनशेहून अधिक प्रवासी तुमच्या-आमच्यासारखे रोज डबा घेऊन निघणारे लोक होते. त्यांना कुणी मारले? मालेगावातल्या त्या मुसलमानांना कुणी मारले? कच्च्या तपासाने निर्दोष माणूस तुरुंगात जातो, हे आपण पुरोहितांच्या निमित्ताने नीट समजलो. तोच कच्चा तपास मोहल्ल्यातल्या एखाद्याच्या वाट्याला आला असेल, तर त्याच्या भावाला पोलिसाबद्दल काय वाटत असेल, हे समजायला आपल्याला आता फारशी कल्पनाशक्ती लागू नये.

आणि त्या भावाचे मत आपल्या सुरक्षिततेसाठी मोलाचे आहे. २०१४ मध्ये आपल्या शेजारच्या कल्याणमधून चार तरुण 'इसिस'मध्ये सामील होण्यासाठी इराकला गेले. ते बेपत्ता झाल्याची तक्रार कुणी केली? त्यांच्या घरच्यांनीच. कोणत्याही गुप्तचर यंत्रणेच्या आधी बदल लक्षात येतो तो बापाच्या. मुलगा रात्री कुणाशी बोलतो, काय वाचतो, जुन्या मित्रांना का टाळतो. तो बाप चौकीची पायरी चढेल की नाही, हे एका गोष्टीवर अवलंबून असते : आत गेल्यावर माझ्या मुलाला वाचवतील, की मलाच उचलतील? पायरी चढायला त्याला आठवडा लागला, तर तो आठवडा आपल्या सर्वांचा धोक्यात जातो.

नेतृत्वाने ठरवले तर काय होऊ शकते, याची उदाहरणेही आहेत, आणि ती सांगण्यात आपण कंजुषी करू नये. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मारल्या गेलेल्या नऊ पाकिस्तानी दहशतवाद्यांना आपल्या भूमीत जागा देण्यास मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानची व्यवस्था पाहणाऱ्या जामा मशीद ट्रस्टने नकार दिला. ते मृतदेह वर्षाहून अधिक काळ शवागारात पडून होते, नंतर २०१० च्या जानेवारीत सरकारने ते अज्ञात स्थळी पुरले. दफन नाकारणे ही इस्लामी परंपरेत किती गंभीर गोष्ट आहे हे लक्षात घेतले, तर त्या निर्णयाचे वजन कळेल. दुसरे उदाहरण अलीकडचे. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद २८ सप्टेंबर या एकाच दिवशी आल्या. मुंबईतील मुस्लिम संघटनांनी पोलिसांशी बोलून आपली मिरवणूक दुसऱ्या दिवसावर नेली. २०२४ आणि २०२५ मध्येही मिरवणुकीसाठी असाच पुढचा दिवस घेतला गेला, सुट्टीची तारीख त्यानुसार बदलली. विसर्जनाच्या रात्री ज्या शिपायाला छत्तीस-छत्तीस तास उभे राहावे लागते त्याला विचारा, त्या एका निर्णयाची किंमत काय होती.

मात्र 'नेतृत्व' म्हणजे केवळ मौलाना आणि विश्वस्त, हे समीकरण पोलिसांनी मोडले पाहिजे. हमीद दलवाई यांनी १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. तलाकपीडित स्त्रियांचा प्रश्न घेऊन उभे राहिलेल्या त्या कार्यकर्त्यांना कुठल्या शांतता समितीने सन्मानाने बोलावले? उर्दू शाळेतील शिक्षिका, दवाखाना चालवणारा डॉक्टर, बचत गट चालवणारी बाई यांना बोलावत नाहीत, कारण त्यांच्यामागे जमाव नसतो. जमाव जमवू शकतो तो नेता, अशी व्याख्या पोलिसांनीच केली, तर उद्या प्रत्येकजण जमाव जमवायला शिकेल.

आता थोडे आपल्याकडे. हे बोलायला मी परका नाही, म्हणून स्पष्ट बोलतो. १७ मार्च २०२५ रोजी नागपूरला औरंगजेबाच्या कबरीच्या मुद्द्यावर आपल्याच विचारांच्या संघटनांनी आंदोलन केले. त्यात पवित्र मजकूर असलेली चादर जाळली, अशी अफवा पसरली आणि सायंकाळनंतर महाल परिसरात हिंसाचार झाला. पोलीस उपायुक्त निकेतन कदम यांच्या हातावर कुऱ्हाडीचा घाव बसला. हल्लेखोरांना कठोर शिक्षा व्हावी, यात दुमत नाही. पण दुपार ते संध्याकाळ हे चार-पाच तास पाहा. १९९२ ची भिवंडी त्या तासांत बीटच्या पोलिसाला विचारायला गेली होती. नागपुरात त्या वेळी प्रत्येकाच्या हातात भ्रमणध्वनी होता. बीटच्या पोलिसाला 'खरे काय आहे' असे विचारण्याइतकी ओळख किती जणांची होती? आणि आपल्या बाजूच्या किती जणांनी आदल्या दिवशी स्थानिक ठाण्यात बसून आंदोलनाचा तपशील ठरवला होता?

मिरवणुकीबद्दलही तेच. मशिदीसमोर वाद्ये थांबवावीत की नाही, हा वाद आपल्याकडे शंभर वर्षे जुना आहे, आणि रस्ता सर्वांचा आहे हे आपले म्हणणे मला मान्य आहे. परंतु सर्वांच्या रस्त्यावरून जाणे आणि नेमके तिथेच अर्धा तास थांबून राहणे यांत फरक आहे. तो फरक आपल्या स्वयंसेवकाला कळतो, बंदोबस्तावरच्या शिपायाला कळतो आणि समोरच्या गच्चीवरच्या म्हाताऱ्या मुसलमानालाही कळतो. शिपाई आपल्याच समाजाचा, आपल्याच गावचा असतो. आपण त्याला पेचात टाकले, तर त्याच्या निष्पक्षपणावर बोट आपल्यामुळे ठेवले जाते.

शेवटी एक व्यावहारिक मागणी, जी नागरिक म्हणून आपण करू शकतो. आपल्या भागातील बीट हवालदाराचे नाव तुम्हाला माहीत आहे का? हात वर करा पाहू. (सभागृहात चार-पाच हात वर झाले.) मोहल्ल्यातही इतकेच हात वर झाले असते. दर काही महिन्यांनी बीट बदलला, तर शिपायाला माणसांची नावेसुद्धा पाठ होत नाहीत. भिवंडीचा प्रयोग अधिकाऱ्याच्या उत्साहावर उभा होता. अधिकारी गेले आणि काही वर्षांत तो ओसरला. बीटचा पोलीस किमान तीन वर्षे एकाच भागात राहावा, मोहल्ला समितीची बैठक दर महिन्याला व्हावी, तिचे इतिवृत्त ठाण्यात ठेवले जावे आणि तिच्यात आपल्या वस्तीतील दोन माणसांनी नियमाने जावे, असे निवेदन आपण पोलीस आयुक्तांना देणार आहोत. त्याचा मसुदा बाहेरच्या टेबलावर आहे. ज्यांना पटेल त्यांनी सही करावी, आणि त्या बैठकीला जायला कोण तयार आहे तेही नावानिशी लिहावे. आता आपले प्रश्न असतील ते घेऊ.